माझं मेमरी कार्ड, तीस लॅपटॉप

"कोणाच्या फोनमध्ये मेमरी कार्ड आहे?" सरांनी विचारलं.

सोमवार होता. सकाळचे साडेदहा. चंद्रपुरातला एक हॉल, तीस टेबलं, तीस लॅपटॉप. सगळ्यांनी आपापले फोन उलटे करून पाहिले. कोणाच्याच फोनला कार्डाची जागा नव्हती. महागड्या फोनला आता ती नसते.

माझ्या फोनला होती.

मी हात वर केला नाही. मी सहसा करत नाही. पण शेजारच्या टेबलावर एक वयस्कर हवालदार बसले होते. चंद्रपूर जिल्ह्यातलेच. चहाच्या वेळी त्यांनी माझा फोन पाहिला होता. ते मोठ्याने म्हणाले, "सर, या बाईच्या फोनले हाय."

सर माझ्या टेबलाशी आले. त्यांनी फोन मागितला नाही. नुसता हात पुढे केला. मी फोन त्या हातावर ठेवला. त्यांनी पिन खुपसून कार्ड बाहेर काढलं आणि दोन बोटांत धरून हॉलला दाखवलं.

"मॅडम, गाव कुठलं तुमचं?"

"एटापल्लीकडे. गडचिरोली जिल्हा."

"अरे वा! तिकडचं! मग तर बघायलाच पाहिजे काय काय निघतं."

हॉल हसला. मीही हसले. ते मला नीट आठवतं. मीही हसले.

ते प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं. गुन्ह्याच्या तपासात सापडलेला फोन, लॅपटॉप, पेनड्राइव्ह कसा हाताळायचा, त्यातून पुरावा कसा काढायचा, हे हाताने करून शिकायचं. सर एका खासगी कंपनीचे. पुण्याहून आले होते. बाकीचे बहुतेक पोलीस, थोडे माझ्यासारखे काँट्रॅक्टवरचे. मी एका सरकारी कार्यालयात तांत्रिक सहायक आहे. जप्त केलेले फोन आमच्याकडे येतात. मी त्यांची कॉपी काढते, अहवाल लिहिते. आणखी एक काम करते, जे माझ्या नेमणुकीच्या पत्रात नाही. फोनमधले माडिया बोलीतले आवाज ऐकते आणि साहेबांना मराठीत सांगते. माडिया माझ्या आईची भाषा. खरं म्हणजे मला घेतलं ते त्यासाठीच.

माझं काँट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. साहेब म्हणाले होते, "चंद्रपूरचं सर्टिफिकेट आणा. मग वाढवतो." म्हणून मी आले होते.

सरांनी माझं कार्ड एका छोट्या डबीत घातलं. त्या डबीतून कार्डावरचं वाचता येतं, कार्डावर लिहिता येत नाही. "पुराव्याला आपला हात लागू द्यायचा नाही," सर म्हणाले. मग कार्डाची हुबेहूब कॉपी काढली. जे दिसतं ते, आणि जे पुसलेलं असतं तेही. मग एक पेनड्राइव्ह टेबलाटेबलावर फिरला. अर्ध्या तासात तीस लॅपटॉपवर माझं कार्ड होतं. त्यातला एक लॅपटॉप माझा.

"आता उघडा," सर म्हणाले. "फोटोंपासून सुरू करा. मालक कसा माणूस आहे ते फोटो सांगतात."

मी माझ्या लॅपटॉपवर माझे फोटो उघडले. बाकीच्यांनीही उघडले. हसणं एकदम आलं नाही. ज्याच्या पडद्यावर जेव्हा फोटो आला तेव्हा तो हसला. आधी खिडकीकडून. मग मागून. मग डाव्या बाजूने. त्यामुळे मला कळत होतं की आता कोण कुठल्या फोटोवर आहे.

एका फोटोत माझी मोठी आई आहे, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. अंगणात बसून मोहाची फुलं निवडते आहे. चेहऱ्यावर गोंदण. अंगावर ब्लाउज नाही. आमच्याकडे तिच्या वयाच्या बाया घालत नाहीत. तो फोटो मी काढला तेव्हा ती मला काहीतरी रागावून सांगत होती आणि मध्येच हसली होती.

मागून कोणीतरी म्हणालं, "ए, झूम कर ना."

मी मागे वळून पाहिलं नाही. एवढंच. मला राग आला, असं आता लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच आलं नाही. मी पुढचा फोटो उघडला.

लॉजवर जाताना ऑटोत मी फोन हातात धरून बसले. कार्डाची जागा रिकामी होती. कार्ड सरांकडे होतं, "पुरावा" म्हणून लिफाफ्यात.

हे मला नवीन नव्हतं, असंही म्हणता येईल. सहाव्या वर्षी मला सरकारी योजनेतून दूरच्या इंग्रजी शाळेत नेलं. निवासी शाळा. तिथे माडियात बोललं की फळ्यावर नाव लागायचं. दोन महिन्यांत मी गप्प झाले. दोन वर्षांत इंग्रजी वाचायला लागले. बारा वर्षांत शाळेने मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. भरभर वाचणं. आणि आपलं काही दिसू न देणं.

दुसरी गोष्ट मंगळवारी कामाला आली नाही.

मंगळवारी पुसलेल्या फाइली परत काढायच्या होत्या. सर म्हणाले, "लक्षात ठेवा, माणूस जे डिलीट करतो ते आपण सगळ्यात आधी बघायचं. तिथेच त्याचं मन असतं."

तीस लॅपटॉपवर एकच काम सुरू झालं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. पुसलेले फोटो येत होते, अर्धे कापलेले, करडे. कोणाची तरी लग्नपत्रिका. माझी एक जुनी गुणपत्रिका. आणि एक आवाजाची फाइल. अकरा मिनिटांची.

फाइलचं नाव नुसते आकडे होते. तरी मी ओळखली.

माझे वडील पावसाळ्यात गेले. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होते. निरोप आला तशी निघाले. आलापल्लीच्या पुढे गाडी गेली नाही. नदी पुलावरून वाहत होती. दोन दिवस मी आलापल्लीत बसून राहिले. पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाशी बाया सुरात बोलतात. रडतच, पण सुरात. तुझं काय काय मागे राहिलं ते त्याला एकेक करून सांगतात. ते रडणं त्या अंगणापुरतं असतं. पुन्हा कोणी म्हणत नाही. पण माझी धाकटी बहीण आडोशाला फोन धरून उभी राहिली. आईचा आवाज तिने भरून घेतला. मी नागपूरला परत गेल्यावर मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "अक्का, तू नव्हतीस म्हणून."

मी होस्टेलच्या खोलीत तो लावला. दहा-बारा सेकंद झाले असतील. शेजारच्या कॉटवरची मुलगी म्हणाली, "हे काय आहे गं? कोण ओरडतंय?"

मी म्हणाले, "काही नाही."

आणि तेव्हाच पुसून टाकला. लाजेने. दुसरं काही कारण नव्हतं.

तो आता तीस पडद्यांवर होता.

सरांनी तो मोठ्या स्पीकरवर लावला. आईचा आवाज हॉलभर झाला. छताला पंखे फिरत होते आणि त्यांच्यामधून आई माझ्या वडिलांशी बोलत होती. कोणीतरी म्हणालं, "लग्नाचं गाणं वाटते." कोणीतरी शीळ घातली. शेजारी हवालदार भाऊंनी बोटांनी टेबलावर ताल धरला. ठेका बरोबर होता. आई खरंच ठेक्यात रडत होती.

"मॅडम, तुमचीच बोली ना? कशाला डिलीट केलं होतं?" सर म्हणाले. "काही गडबड?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं. मी दिलं नाही.

"जरा भाषांतर करा बरं. सगळ्यांना कळू दे अज्ञात बोलीतला ऑडिओ कसा हाताळायचा."

मी उभी राहिले. मी ते त्याआधी कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. ऐकत ऐकत सांगायला लागले. कार्यालयात सांगते तसं, सपाट आवाजात, वाक्य संपलं की थांबून.

"तुझी कुऱ्हाड आढ्याला खोचलेली आहे. रोवणी अर्धी राहिली आहे. उरलेली रोपं बांधून ठेवली आहेत, ती कोणी लावायची. बैल दावणीला उभा आहे, तो तुझ्या हाताशिवाय खात नाही. नदी चढली आहे. मोठी पोरगी निघाली आहे, अजून आली नाही. तू तिच्यासाठी थांबला नाहीस."

शेजारचा ताल थांबला.

"छान," सर म्हणाले. "म्हणजे लोकगीत. बरोबर?"

"हो सर," मी म्हणाले.

मी खाली बसले. झालं ते एवढंच. कोणी मला मारलं नाही. शिवी दिली नाही. पाण्याची बाटली पुढे आली, मी पाणी प्यायले. माझ्या आईचं रडणं लोकगीत आहे असं मी स्वतः तीस माणसांसमोर कबूल केलं, आणि वहीत पुढचा मुद्दा उतरवून घेतला.

बुधवारी परीक्षा होती. वीस प्रश्न, सगळे माझ्या कार्डावर. मालकाच्या वडिलांचं नाव शोधा. मालकाने शिक्षण कुठे घेतलं ते कशावरून कळतं. पुसलेल्या फाइलींपैकी सर्वात मोठी कोणती. मी खाली मान घालून सोडवत होते. सगळेच सोडवत होते. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग कोणीतरी मला विचारलं. मी सांगितलं.

मला वीसपैकी अठरा मिळाले. एक प्रश्न होता, मालकाचं मूळ गाव कोणतं. मी माझं गाव लिहिलं. ते चूक धरलं. उत्तराच्या कागदावर तालुक्याच्या गावाचं नाव होतं, कारण फोटोंच्या नोंदींवरून तेवढंच निघत होतं. मी सरांना म्हणाले नाही की सर, मी तिथली आहे. पुरावा काय, असं ते म्हणाले असते. आणि ते नियमाप्रमाणे बरोबर असतं.

शेवटच्या तासाला सरांनी शिकवलं की साधं डिलीट केलेलं परत निघतं. कायमचं पुसायचं तर त्या जागेवर शून्यं भरावी लागतात. मग कोणालाच काही काढता येत नाही. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. का मारली ते तेव्हा माहीत नव्हतं.

गुरुवारी हवालदार भाऊ डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. भाकर मोडत राहिले.

"बाई, परवाचं ते," ते म्हणाले. "ते गाणं नव्हतं ना?"

"नाही."

"मयतीचं रडणं होतं."

"हो."

"आमी धीवर, मासे धरनारे. आमच्या गावात बी बाया अशाच रडतेत, आमची माय गेली तवा मोठी बहीण असंच बोलली होती तिच्यासंग." त्यांनी भाकर खाली ठेवली. "अन् म्या टेबल वाजवला. मले समजलंच नाई. पण तुमी काऊन नाई सांगतलं? लोकगीत म्हणे! अन् तुमी म्हनता, हो सर!"

त्यांनी डब्यातलं लोणचं माझ्या झाकणात टाकलं. मी खाल्लं.

त्या दुपारी सरांनी ताब्याच्या साखळीचा धडा घेतला. पुरावा कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, कधी गेला, कशाच्या आधारावर गेला, याची नोंद. पहिलं पान सर्वात महत्त्वाचं. एकतर जप्तीचा कागद, नाहीतर मालकाची लेखी संमती. "ते पान नसेल तर पुढचं सगळं काम शून्य," सर म्हणाले. "कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. कोणाच्या परवानगीने उघडलंत?"

सगळ्यांनी ते वहीत लिहिलं. तीस माणसं. निम्म्या लोकांची अर्धी नोकरी तपासात गेलेली. त्यांच्यासमोर लॅपटॉपवर माझं कार्ड उघडं होतं आणि त्याला पहिलं पान नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. सरांच्याही नाही. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कोणी लपवत नव्हतं. खरंच लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडून काही घ्यायला कागद लागतो, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

आणि तेव्हा मला माझं टेबल आठवलं. कार्यालयातलं.

आमच्याकडे एक फोन आठ महिने पडून आहे. एका आतल्या गावच्या मुलाचा. त्याची आई दर महिन्याला बसने येते. दारापाशी चप्पल काढते. मला जोहार म्हणते आणि फोन मागते. मी तिला तिच्याच बोलीत सांगते, "काम चालू आहे." त्या फोनमधले सगळे आवाज मी ऐकले आहेत. तो मुलगा आईला कुठल्या नावाने चिडवतो ते मला माहीत आहे. ती फोनवर खोकते कशी ते मला माहीत आहे. एकदा एका आवाजाचं भाषांतर ऐकून साहेब आणि दोघंतिघं हसले होते. काहीतरी डुकराबद्दल होतं. मीही हसले होते. त्या फोनला पहिलं पान आहे की नाही, मी कधी पाहिलं नाही. ती बाई समोर उभी असायची आणि मला तिच्याबद्दल सगळं माहीत असायचं. तिला माझं नावही माहीत नव्हतं.

मी वही बंद केली. पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. ते दुःख नव्हतं. घाण वाटली. माझी.

शुक्रवारी सर्टिफिकेटं होती. चार वाजता एकेकाला पुढे बोलावत होते. माझं नाव आलं. टेबलावर सर्टिफिकेट होतं, माझ्या नावाचं, सोनेरी काठाचं. त्याच्यावर एक कागद ठेवलेला. कागद इंग्रजीत होता. सरांनी पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं.

"एक सही करा मॅडम. फॉर्मॅलिटी आहे."

मी वाचला. मला भरभर वाचता येतं. मी माझं मेमरी कार्ड स्वखुशीने दिलं आहे. त्याची कॉपी प्रशिक्षणासाठी आणि प्रात्यक्षिकासाठी कुठेही, कितीही वेळा वापरायला माझी हरकत नाही. खाली तारीख टाइप केलेली होती. सोमवारची.

"सर, यावर सोमवारची तारीख आहे."

"हो. कार्ड सोमवारीच घेतलं ना."

"आज शुक्रवार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"मॅडम, तुमचं कार्ड फार छान सँपल आहे. फोटो, पुसलेला ऑडिओ, वेगळी बोली. असं तयार करून मिळत नाही. पुढच्या सगळ्या बॅचना हेच देणार आहे. तुमचं नाव काढून टाकू, काळजी करू नका."

"आवाजात नाव आहे, सर."

"कोणाचं?"

"माझं. भाषांतर करताना मी मोठी पोरगी म्हटलं. आईने माझं नाव घेतलं आहे. तीन वेळा. ते लोकगीत नाही. माझ्या वडिलांच्या मयतीचं रडणं आहे. मी मंगळवारी खोटं बोलले."

मागे रांग होती. सरांनी पेन माझ्याकडे थोडं सरकवलं.

"ठीक आहे, सॉरी. वाईट वाटलं असेल तर सॉरी. पण आता सही करा. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"नाही."

"काय नाही?"

"सही करणार नाही. आणि तुमच्याकडची कॉपी पुसा. शून्यं भरून."

"असं नाही करता येत, मॅडम."

"येतं, सर. तुम्हीच बुधवारी शिकवलं."

त्यांनी सर्टिफिकेट उचललं आणि ढिगाच्या तळाशी ठेवलं. "मग हे सध्या राहू दे."

दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. "काय नाटक लावलं तिथं? एक सही करायला काय हात दुखते? सर्टिफिकेटशिवाय मी तुमची फाइल वर कशी पाठवू, सांगा बरं."

"नका पाठवू साहेब," मी म्हणाले. माझा आवाज सपाटच होता. फोन ठेवला.

हवालदार भाऊ जवळ आले. हळूच म्हणाले, "करून टाका ना बाई सही. मोठ्या लोकाइले आपलं नाई चालत. नवकरीचा सवाल हाय."

मी ऐकून घेतलं. ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मग मी माझ्या फाइलमधून ताब्याच्या साखळीचा कोरा फॉर्म काढला. सरावासाठी प्रत्येकाला दोन दिले होते. एक शिल्लक होता. तो भरला.

वस्तू: मेमरी कार्ड एक. कोणाकडून घेतलं: माझं नाव. कोणी घेतलं: सरांचं नाव. कधी: सोमवार, सकाळी साडेदहा. जप्तीचा कागद: नाही. मालकाची संमती: विचारली नाही. किती कॉपी काढल्या: माहितीप्रमाणे सरांची एक, लॅपटॉपवर तीस. पंच: एकोणतीस, सर्व हजर.

मग मी टेबलाटेबलावर गेले. हे लिहायला सोपं आहे. मी पाच दिवसांत त्या हॉलमध्ये कोणाच्या टेबलाशी स्वतःहून गेले नव्हते. प्रत्येकाला तेच म्हणाले. "माझ्या कार्डाची कॉपी तुमच्याकडे आहे. ती माझ्यासमोर पुसा. आणि इथे लिहा की घेतली होती, आणि पुसली."

पहिले हवालदार भाऊ. ते मघाशी सही करा म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. "लफडं करता बाई तुमी," ते म्हणाले, आणि पुसायला लावलं. पट्टी पूर्ण सरकेपर्यंत दोघंही पाहत राहिलो. मग त्यांनी नाव लिहिलं. बिल्ला नंबर लिहिला.

एक जण म्हणाला, "माझ्याकडे नाही आता. केलं मी डिलीट."

"साधं डिलीट?"

"हो."

"मग आहे."

तो ओशाळला. त्याने नीट पुसलं. एक म्हणाला, माझं नाव यात कशाला. एक म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. मागच्या रांगेतल्या एकाने मी येताना पाहून लॅपटॉप मिटला. चार्जिंग संपलं म्हणाला. वायर भिंतीत लावलेली होती. त्याचा आवाज मी ओळखला. सोमवारी झूम कर म्हणणारा. मी त्याच्या टेबलाशी उभी राहिले. बराच वेळ. त्याने उघडला नाही. मी त्याच्या नावासमोर लिहिलं, नकार दिला. त्याला वाचून दाखवलं.

चौदा जणांनी पुसलं. माझ्या लॅपटॉपवरची कॉपी मी पुसली, ती पंधरावी. लॅपटॉपवरच्या पंधरा राहिल्या, आणि सरांची राहिली. ती त्यांच्या बॅगेत गेली. कार्ड त्यांनी मला लिफाफ्यात परत दिलं. प्रशिक्षण केंद्राच्या खिडकीवर बाबू होता. मी फॉर्मसोबत अर्ज दिला आणि पोच मागितली. तो म्हणाला, "सोमवारी या." मी म्हणाले, "मी इथेच बसते." वीस मिनिटांनी त्याने शिक्का मारला.

सर्टिफिकेट मिळालं नाही.

एस.टी.त मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मी आईला फोन केला. तिला कॉम्प्युटरचं सांगता येणार नव्हतं. मी एवढंच सांगितलं की तुझं बाबांसाठीचं रडणं परक्या माणसांनी ऐकलं, आणि माझ्यामुळे ऐकलं. ती म्हणाली, "तू ऐकलंस?"

"हो."

"पूर्ण?"

"हो."

"मग तू तिथे काय केलंस?"

तिने विचारलं ते दटावून विचारलं. मी पहिल्यापासून सांगितलं. हसले ते सांगितलं. हो सर म्हणाले तेही सांगितलं. फॉर्मचंही सांगितलं. तिने शाब्बास म्हटलं नाही. "त्या माणसाकडे अजून आहे ना," ती म्हणाली. "मग संपलं कुठे." आणि फोन ठेवला.

सोमवारी मी कामावर गेले. साहेबांनी एक पिशवी टेबलावर टाकली. आत फोन. "यातले आवाज ऐका अन् सांगा. माडियात बोलून राह्यले काहीतरी."

"जप्तीचा कागद, साहेब?"

"येईल ना तो. तुमी सुरू करा."

"आला की करते."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "चंद्रपूरहून शहाणपण शिकून आल्या काय?"

"हो साहेब. पाच दिवस तेच शिकवलं."

ते काही बोलले. आवाज चढवून बोलले. मी ऐकलं. केबल लावली नाही. पिशवीचं सील तसंच आहे. शेल्फवर आठ महिन्यांपासून पडलेल्या फोनची फाइलही मी काढली आहे. तिला पहिलं पान नाही. तसं मी लेखी कळवलं आहे आणि त्याचीही पोच घेतली आहे.

काँट्रॅक्ट बहुधा वाढणार नाही. तोवर मी येईन. रोज दहाला येईन. कागद नसलेला फोन उघडणार नाही. कागद असेल तर ज्याचा फोन आहे त्याला समोर बसवा म्हणेन, काय काय उघडणार ते त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवीन. तो नाही म्हणाला तर तो नाही म्हणाला असं लिहीन. कोणी हसलं तर कोण हसलं तेही लिहीन. चंद्रपूरच्या अर्जाला उत्तर आलं नाही, तर वरच्या कार्यालयात जाईन, त्याच्या वर जाईन. सरांच्या बॅगेतली ती एक कॉपी आणि राहिलेल्या पंधरा पुसल्या जाईपर्यंत जाईन.

या कार्यालयात माडिया मला एकटीलाच येते. त्यांना आत ऐकायचं असेल तर माझ्या तोंडून ऐकावं लागतं. आजवर ते तोंड त्यांचं होतं. आता नाही.